चार-सहा दिवस गोळ्या चुकल्या असतील, तर पुढची गोळी घेण्याआधी

माझ्या धाकट्या भावाच्या उशीखाली गोळ्यांचं पाकीट सापडलं, तेव्हा त्यात सात गोळ्या शिल्लक होत्या. दहाचं पाकीट, नऊ दिवसांपूर्वी उघडलेलं. रोजची एक गोळी. एकच उरायला हवी होती, म्हणजे सहा दिवस चुकले होते. आधी ताप आला, गोळी राहिली, मग राहिली हे सांगायचा संकोच, आणि संकोचापायी पुढचेही दिवस गेले. "ताई, आज दोन घेतो आणि उद्यापासून नेहमीसारखं सुरू करतो," तो म्हणाला. मलाही ते पटलं होतं. पाण्याचा पेला हातात होता.

तरी आधी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी ना रागावून घेतलं ना कारण विचारलं. एकच प्रश्न केला, "शेवटची गोळी नक्की कोणत्या दिवशी घेतली?" मी दिवस सांगितला. "मग आज दोन नाही, एकही नाही. त्याचा २०० मिलिग्रॅमचा डोस आता लगेच द्यायचा नाही. पुन्हा २५ पासून चढत जावं लागेल." औषध लॅमोट्रिजिन होतं, मनाचे टोकाचे चढउतार आणि फिट यांवर दिलं जाणारं. नेहमीचीच गोळी, पण मध्ये सहा दिवस गेले की तीच गोळी घातक ठरू शकते, हे मला तोवर माहीत नव्हतं. हा लेख त्यासाठीच लिहिला आहे. तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या मानसिक आजारावरच्या गोळ्या सलग काही दिवस चुकल्या असतील, तर पाकीट बाजूला ठेवा आणि पुढचं वाचून घ्या.

सगळ्यात आधी: थांबायला वेळ आहे का?

काही वेळा फोन करून सल्ला घेण्याइतकाही वेळ नसतो. फिट आली, शुद्ध हरपली, छातीत दुखतंय, श्वास लागतोय, माणूस भ्रमात बडबडतोय, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येताहेत किंवा कुणाला इजा करण्याची भाषा आहे, आवाज ऐकू येताहेत आणि ते काही करायला सांगताहेत, दोन-तीन रात्री झोप नाही तरी अंगात प्रचंड जोर आहे, खाणंपिणं आणि बोलणं बंद होऊन माणूस एकाच जागी थिजल्यासारखा बसलाय, यातलं काहीही असेल तर सरळ रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. जाताना सगळी पाकिटं, रिकामीसुद्धा, पिशवीत घाला. जिवाचा धोका वाटत असेल तर त्या माणसाला क्षणभरही एकटं सोडू नका आणि घरातल्या गोळ्या दुसऱ्याच्या ताब्यात द्या. चुकलेल्या दिवसांच्या गोळ्या घरात साठलेल्या असतात, ही गोष्ट अशा वेळी हमखास विसरली जाते.

मग मोजा

"तीन-चार दिवस झाले असतील" हे उत्तर चालत नाही. दोन दिवस की तीन, पाच की सात, यावरच पुढचं सगळं ठरतं. आठवणीवर भरवसा नको, पाकीट मोजा. औषध कधी आणलं ते बिलावर असतं. त्या तारखेपासून आजवर किती गोळ्या जायला हव्या होत्या आणि किती गेल्या, हे कागदावर मांडा. अगदी नक्की कळलं नाही तर जास्तीत जास्त जितके दिवस चुकले असतील तो आकडा धरा.

कागदावर हेही लिहा: प्रत्येक औषधाचं नाव, गोळी किती मिलिग्रॅमची, दिवसातून किती वेळा, शेवटची गोळी कोणत्या तारखेला. औषधं तीन असतील तर तिन्हींचा हिशेब वेगळा. कित्येक जण झोपेची गोळी चुकवत नाहीत आणि सकाळची मात्र सोडून देतात.

एकच डोस चुकला असेल तर फारसं काही नसतं. त्याच दिवशी आठवलं तर घ्या, पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या. मात्र झोप आणणारी गोळी कामावर निघताना आठवली म्हणून तेव्हा घेऊ नका. सलग दोन दिवस किंवा त्याहून जास्त खंड पडला की मात्र या नेहमीच्या नियमावर विसंबता येत नाही.

भरपाई म्हणून जास्त गोळ्या घेऊ नका

गोळ्या म्हणजे थकलेले हप्ते नव्हेत. चुकलेले डोस एकत्र घेतल्याने गेलेले दिवस भरून निघत नाहीत, फक्त आजच्या दिवसाचं औषध धोकादायक पातळीवर जातं. मनाचे टोकाचे चढउतार आवरणाऱ्या लिथियमच्या बाबतीत उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फारच थोडं असतं. ॲमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या नैराश्यविरोधी गोळ्या जास्त झाल्या तर हृदयाचे ठोके बिघडतात. नैराश्यावरच्याच बुप्रोपिऑनने फिट येऊ शकते.

दारू तर नकोच. अस्वस्थता कमी व्हावी म्हणून दुसऱ्या कुणाची झोपेची गोळीही नको. आणि शरीराला लवकर लागू पडावी म्हणून गोळी कुटून किंवा चावून घेऊ नका. हळूहळू विरघळणारी गोळी फोडली की दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं.

कोणत्या औषधाला किती खंड चालतो

याचं गणित एका गोष्टीवर चालतं: शरीरातलं औषध निम्म्यावर यायला किती वेळ लागतो. १०० चे ५०, ५० चे २५, मग साडेबारा, सहा, तीन. असं पाच वेळा झालं की औषध जवळजवळ गेलेलं असतं आणि शरीर त्याच्याशिवाय राहायला लागलेलं असतं. व्हेनलाफॅक्सिन सुमारे ५ तासांत निम्मं होतं, शरीरात त्यापासून तयार होणारं दुसरं औषधी द्रव्य सुमारे ११ तासांत. म्हणूनच ते घेणाऱ्याला एक दिवस चुकला तरी संध्याकाळपर्यंत जाणवतं. पॅरॉक्सेटिनला साधारण एक दिवस लागतो. फ्लुऑक्सेटिनला नियमित घेणाऱ्यांत ४ ते ६ दिवस लागतात, त्यामुळे ते चार दिवस चुकलं तरी बऱ्याच जणांना काहीच कळत नाही. तिन्ही नैराश्याचीच औषधं, पण खंडाचा परिणाम इतका वेगळा.

आता औषधागणिक पाहू.

लॅमोट्रिजिनपासून सुरुवात करते, कारण इथे चूक सगळ्यात सहज होते. एकट्याने घेतलं तर ते साधारण २५ ते ३० तासांत निम्मं होतं. म्हणून पाचेक दिवस किंवा जास्त खंड पडला असेल तर जुना डोस थेट सुरू करायचा नाही. पहिल्यांदा चढवला होता तसाच पुन्हा २५ मिलिग्रॅमपासून काही आठवडे लावून हळूहळू चढवावा लागतो. घाई केली तर अंगावर गंभीर पुरळ उठण्याचा धोका वाढतो. त्यात कातडी सोलली जाते, तोंडात आणि डोळ्यांत फोड येतात आणि जीवही जाऊ शकतो. सोबत व्हॅल्प्रोएट (हेही फिट आणि मनाच्या चढउतारांवरचं औषध) चालू असेल तर लॅमोट्रिजिन शरीरात खूप जास्त वेळ टिकतं आणि चढवायचा वेग आणखी कमी ठेवावा लागतो. त्याच कामाचं कार्बामॅझेपिन असेल तर उलट ते लवकर निघून जातं. म्हणून "पाच दिवस" हा आकडा सगळ्यांना सारखा लागू नाही. सोबतच्या औषधांची नावं सांगणं म्हणूनच गरजेचं. सुरू केल्यावर पुरळ, ताप किंवा तोंडात फोड दिसले तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

भास-भ्रमांवरच्या क्लोझॅपिनची मुदत त्याहून कमी आहे, ४८ तास. शेवटच्या डोसनंतर दोन दिवस उलटले असतील तर जुना डोस अजिबात घेऊ नका. पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुरुवात करायची असते. ३०० मिलिग्रॅम पचवणारं शरीर दोन-तीन दिवसांत ती सवय विसरतं. मग तोच डोस रक्तदाब एकदम खाली आणतो, माणूस उभा राहता राहता कोसळतो, फिट येऊ शकते. दुसऱ्या बाजूने, क्लोझॅपिन अचानक सुटल्यावर मळमळ, उलट्या, घाम आणि आजार जोरात उसळणं हेही होतं. त्यामुळे थांबून राहणंही परवडत नाही, फोन त्याच दिवशी व्हायला हवा. खंड मोठा असेल तर या औषधासाठी नेहमी कराव्या लागणाऱ्या रक्ततपासणीचं वेळापत्रकही बदलू शकतं.

लिथियम तीन-चार दिवस चुकलं की ते शरीरातून बहुतांशी निघून जातं. अचानक बंद झाल्यावर उन्मादाचा झटका आणि आत्महत्येचा धोका वाढतो, म्हणून हे "आजारी नाहीये, राहू दे" म्हणून सोडण्याचं औषध नव्हे. पण परत सुरू करण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: मधल्या दिवसांत ताप, जुलाब किंवा उलट्या झाल्या का, पाणी कमी गेलं का, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेतली का? यातल्या कशाहीमुळे लिथियम शरीरात साठू शकतं. 'हो' असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, मगच गोळी. सुरू केल्यावर साधारण ५ ते ७ दिवसांनी रक्तातली पातळी तपासावी लागते. रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी द्यायचं असतं. सकाळी गोळी घेऊन मग रक्त दिलं तर आकडा खोटा येतो. हात जोरात थरथरणं, चालताना तोल जाणं, जीभ जड होणं, उलट्या-जुलाब ही लिथियम जास्त झाल्याची लक्षणं आहेत. तशी दिसली तर गोळी थांबवून तातडीने रुग्णालय.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम या चिंतेच्या आणि झोपेच्या गोळ्या महिनोन्महिने रोज घेत असाल आणि त्या एकदम सुटल्या असतील, तर काळजी वेगळी. थरथर, घाम, धडधड, झोप उडणं यापासून फिट येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. इथे "बघू उद्या" नको, त्याच दिवशी बोला. आणि खंड काही आठवड्यांचा असेल तर उलटा धोका: शरीराची सवय गेलेली असते, जुना डोस डोक्यावर चढतो, श्वास मंदावू शकतो, दारूबरोबर तर नक्कीच.

नैराश्य आणि चिंतेच्या एरव्हीच्या गोळ्या, म्हणजे सर्ट्रॅलिन, एस्सिटॅलोप्राम, पॅरॉक्सेटिन वगैरे, दोन-चार दिवस चुकल्या तर बहुतेकदा डॉक्टर नेहमीच्याच डोसवर परत जायला सांगतात. आठवड्याहून जास्त खंड असेल किंवा डोस मोठा असेल तर कमीपासून सुरू करायला सांगू शकतात.

भास-भ्रमांवरच्या औषधांत क्वेटियापिनचं लक्षात ठेवा: आठवड्याहून जास्त खंड पडला तर ते पुन्हा पायरीपायरीने वाढवावं लागतं. या गटातलं कुठलंही औषध परत सुरू केल्यावर तीव्र ताप, अंग लाकडासारखं ताठ होणं आणि गोंधळलेपणा एकत्र दिसले, तर ते क्वचित होणारं पण जीवघेणं संकट असतं. गोळी थांबवा, रुग्णालयात जा.

महिन्याला किंवा तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन चुकलं असेल तर घरात पडलेल्या जुन्या गोळ्यांनी भरपाई करू नका. प्रत्येक इंजेक्शनला उशिराची ठरलेली मुदत असते. ती उलटली की पुन्हा सुरुवातीचे डोस द्यावे लागतात. शेवटच्या इंजेक्शनची तारीख घेऊन दवाखान्यात फोन करा.

व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या स्त्रीला गर्भ राहिल्याची शंका असेल तर ते फोनवर पहिल्या वाक्यात सांगावं. क्लोनिडिन, ग्वानफॅसिन आणि प्रोप्रानोलोल यांचा संबंध रक्तदाबाशी किंवा नाडीशी आहे. ती एकदम सुटल्याने रक्तदाब किंवा ठोके उसळू शकतात, आणि ग्वानफॅसिनचे सलग दोन डोस चुकले तरी परत चढवत जाण्याचा विचार करावा लागतो. लक्ष एकाग्र न होण्याच्या त्रासावरच्या (एडीएचडी) मिथाइलफेनिडेटचं मात्र सोपं आहे: दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे घ्या, संध्याकाळी आठवलं म्हणून घेतलं तर रात्र जागून काढाल.

फोनवर काय बोलायचं

बरेच जण इथेच अडतात. डॉक्टर रागावतील, "मग माझ्याकडे येता कशाला" म्हणतील, असं वाटतं. खरं तर औषधं चुकणं हे त्यांच्या रोजच्या कामाचा भाग आहे. शब्द सुचत नसतील तर हा निरोप जसाच्या तसा वाचून दाखवा किंवा पाठवा:

"नमस्कार डॉक्टर. मी तुमच्याकडे उपचार घेतो. माझं अमुक औषध, इतक्या मिलिग्रॅमचं, दिवसातून इतक्या वेळा आहे. शेवटचा डोस या तारखेला घेतला. तेव्हापासून एकही घेतलेला नाही. बाकीची ही औषधं चालू आहेत. सध्या असा असा त्रास होतोय. आज रात्रीपासून किती घेऊ, आणि कशाकडे लक्ष ठेवू?"

मधल्या काळात सिगारेट सोडली असेल तर तेही सांगा. धूर थांबला की क्लोझॅपिन आणि ओलान्झॅपिनची रक्तातली पातळी वाढते, हे पुष्कळांना माहीत नसतं. दारू किंवा नशा झाली असेल तरी लपवू नका, त्यावर डोस ठरतो. जे उत्तर मिळेल ते लिहून घ्या आणि परत वाचून दाखवा. "पूर्वीसारखं घ्या" असं मोघम उत्तर आलं तर आकडा विचारा.

डॉक्टर भेटत नसतील तर त्यांच्या जागी बसणारे दुसरे डॉक्टर, नाहीतर औषधाच्या दुकानातले फार्मासिस्ट. फार्मासिस्ट तुमचा डोस बदलणार नाहीत, पण हे औषध पुन्हा चढवत न्यावं लागणारं आहे की नाही, हे सांगू शकतात. कुणीच मिळालं नाही आणि औषध लॅमोट्रिजिन, क्लोझॅपिन, लिथियम किंवा झोपेच्या गोळ्यांपैकी असेल, तर स्वतः अंदाज न बांधता रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात विचारा.

हा गोळी सुटल्याचा त्रास की आजार परत आला?

हा प्रश्न रात्री दोन वाजता फार छळतो. ढोबळ फरक असा: गोळी सुटल्याचा त्रास दोन-चार दिवसांत सुरू होतो आणि त्यात शरीराच्या नव्याच तक्रारी असतात. मान वळवली की डोक्यात करंट गेल्यासारखं होतं. चक्कर, मळमळ, ताप नसताना ताप आल्यासारखं अंग, विचित्र आणि फार स्पष्ट स्वप्नं, विनाकारण चिडचिड. औषध परत सुरू झालं की तो बहुधा एक ते तीन दिवसांत ओसरतो. आजार परत येतो तो बहुतेकदा सावकाश, काही आठवड्यांत, आणि त्याची चाल तुमच्या ओळखीची असते: पूर्वी जसं सुरू झालं होतं तसंच. लिथियम आणि क्लोझॅपिन याला अपवाद, तिथे आजार फार लवकर उसळू शकतो.

मधल्या काळातला एक फसवा टप्पा मुद्दाम सांगते. गोळी सुटल्यावर काही जणांना पहिले दहा-पंधरा दिवस छान वाटतं. सुस्ती जाते, सकाळी लवकर जाग येते, डोकं मोकळं होतं. मग वाटतं, गोळीची गरजच नव्हती. प्रत्यक्षात गोळीचे दुष्परिणाम आधी गेलेले असतात आणि आजार यायचा असतो. माझा भाऊही त्या सहा दिवसांबद्दल म्हणाला होता, "ताई, खरं सांगू, मला बरं वाटत होतं." मी वाद घातला नाही. ते खरंच होतं.

परत सुरू केल्यावरचे पहिले काही दिवस

झोप आणणारं औषध असेल तर गाडी चालवू नका. अंथरुणातून एकदम उठू नका, आधी बसा, मग उभे राहा. रोज दोनच गोष्टी टिपून ठेवा, किती तास झोप झाली आणि मन कसं होतं. दोन ध्रुवांच्या आजारात (बायपोलर, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य) झोप कमी होणं आणि तरी थकवा न जाणवणं, ही घरातल्यांना दिसणारी पहिली खूण असते. उलटी झाली तर तोच डोस परत घ्यायचा की नाही, हे औषधावर आणि किती वेळाने उलटी झाली त्यावर ठरतं, विचारून घ्या.

गोळ्या का सुटल्या?

विसरण्याने सुटल्या असतील तर उपाय सोपा आहे. पण वजन वाढलं, इच्छा मेली, दिवसभर गुंगी राहते, हात थरथरतात म्हणून कुणी मुद्दाम सोडल्या असतील, तर ते "विसरलो" म्हणून झाकू नका. डॉक्टरांकडे डोस कमी करणं, वेळ बदलणं, दुसरं औषध देणं असे मार्ग असतात, पण खरं कारण कळलं तरच. औषध कायमचं थांबवायची इच्छा असेल तर तेही सरळ बोला. हळूहळू उतरवून थांबवणं आणि एका रात्रीत सोडणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

घरच्यांसाठी थोडं. "घेतल्यास ना गोळ्या?" असं दारातून ओरडून विचारलं की उत्तर "हो" असंच येतं. शेजारी बसून "आण पाकीट, दोघं मिळून मोजू" म्हटलं की खरं बाहेर येतं. खाण्यापिण्यातून लपवून गोळी देऊ नका. किती गेली हे कळत नाही, आणि एकदा ते उघड झालं की तो माणूस तुमच्या हातचं पाणीही संशयाने पिईल.

आमच्याकडे आता दर रविवारी आठवड्याच्या डबीत गोळ्या भरल्या जातात, भाऊ स्वतः भरतो. नवं पाकीट उघडलं की त्याच्या मागच्या चंदेरी बाजूवर पेनने तारीख टाकतो. पाकिटात सात गोळ्या उरल्या की नवीन आणायची, कारण दुकानात दर वेळी माल असतोच असं नाही. डबीतला कप्पा भरलेलाच दिसला तर मला ओरडायचं नाही आणि त्याने लपवायचं नाही, एवढं ठरलं आहे. डॉक्टरांचा नंबर त्या डबीच्या झाकणावर चिकटवला आहे.